हफीजाबीची चौदा बोटं

सत्तावीस वर्षं मी लोकांच्या बोटांना सुया टोचल्या. सरकारी काम म्हणून लोक शिव्यांवर भागवायचे, अंगावर हात टाकत नसत. त्या हजारो बोटांतलं एकही आज आठवत नाही. एका बाईची मात्र सगळीच्या सगळी आठवतात, दोन्ही हातांची, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत. कारण सत्तावन्न साली त्या बोटांनी मला असं काही गाढव बनवलं, की आमच्या घरात कुणी सुईत दोरा ओवायला घेतला तरी माझ्याकडे बघून हसतं. हसोत. मला आता काही वाटत नाही. पहिली वीस वर्षं वाटत होतं.

तिचं नाव हफीजा. रत्नागिरीपासून दोन कोसांवर खाडीकाठी एक मोहल्ला आहे, तिथली. मोहल्ल्याचं नाव सांगणार नाही, तिथल्या म्हाताऱ्या अजून धडधाकट आहेत आणि त्यांच्या तोंडी लागायची माझी छाती नाही. हफीजाबीचा नवरा कमाल बोटीवर आगवाला, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा लोटणारा. वर्षातले दहा महिने दर्यावर, दोन महिने घरी, आणि ते दोन महिने तो झोपून काढायचा. पोटी मूल नाही. मेलेल्या दिराची मुलगी नसीमा, तिला तीन वर्षांची असल्यापासून हिनंच वाढवलेली. बाई बुटकी, काळीसावळी, चाळिशी उलटलेली, आणि डोळे असे की समोरच्याला आपलं काहीतरी चुकलंय असं उगाचच वाटावं.

तिची एक गोष्ट सांगतो म्हणजे पाणी कळेल. एकदा खाडीपलीकडे तंबूतला सिनेमा आला. मोहल्ल्याचे म्होरके सुलेमान सारंग, जन्मभर बोटीवर खलाशांना दम देऊन घरी बसलेले, त्यांनी बजावलं की बायकांनी तिकडे फिरकायचं नाही. हफीजाबीने वाद घातला नाही. तिनं फक्त सारंगांच्या म्हाताऱ्या आईच्या कानात सांगितलं, की तंबूतल्या यंत्राचा उजेड डोळ्यांवर पडला की मोतीबिंदू विरून जातो. म्हातारी हटून बसली, जेवेना. आईला न्यायचं तर सोबतीला बायका हव्यात. तिसऱ्या दिवशी दोन होड्या भरून बायका सिनेमाला गेल्या आणि वल्ही मारायला सारंगांचेच पुतणे. म्हातारीला काडीइतकंही जास्त दिसायला लागलं नाही, पण तिनं ते कबूल केलं नाही, कारण तिला आणखी एकदा जायचं होतं.

तर अशा बाईच्या मोहल्ल्यात आमचं हत्तीरोगाचं पथक गेलं. पथक म्हणजे डॉक्टर पाध्ये, एक सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्यांच्या दोन पेट्या, एक पेट्रोमॅक्स आणि मी, रावजी, वय चोवीस, नवी नोकरी, नवी मिशी. काम रात्री नऊनंतर. लोक विचारायचे, चोरांसारखे रात्रीचे का येता? आता याला मी काय करू? ज्या जंतामुळे पाय हत्तीसारखा सुजतो, त्याची पिल्लं दिवसा फुप्फुसाच्या शिरांत दडून बसतात आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात येतात. दिवसा रक्त घेतलं तर काही म्हणजे काही सापडत नाही. डासाला ते ठाऊक, तो रात्रीच चावतो. मग आम्हीही रात्रीच.

मोहल्ल्यात आमच्याआधी एक अफवा जाऊन बसली होती. बायकोच्या रक्तात जंत निघाला की सरकार बोटीच्या कंपनीला कळवतं आणि नवऱ्याचं नाव खलाशांच्या यादीतून काढून टाकतं. कुणी उठवली देव जाणे, पण जिथं घरटी एक माणूस बोटीवर, तिथं याहून वाईट अफवा नसेल. पुरुषांनी हो-ना करत बोटं दिली. बायकांची मात्र पाचावर धारण बसली. डॉक्टरांनी सुलेमान सारंगांच्या हातापाया पडून त्यांना राजी केलं, पण सारंगांनी अट घातली. घरातले कर्ते दर्यावर आहेत, तेव्हा परका माणूस ओटीच्या आत येणार नाही. बाई माजघराच्या पडद्याआड उभी राहील, नाव आतून सांगेल आणि बोट तेवढं बाहेर काढील. खाडीवर कालवं काढताना याच बायका उघड्या तोंडानं आमच्या समोरून जायच्या. पण घरात सरकारी माणूस म्हटलं की पडदा.

ही अट ऐकली आणि हफीजाबीच्या डोक्यात किडा वळवळला. हे मला मागाहून कळलं, अर्थात. तिनं मोहल्ल्यातल्या बायकांना सांगितलं, की तुम्ही कुणी घाबरू नका, बोट मी देते. मला आजवर साधा हिवतापसुद्धा शिवलेला नाही, माझं रक्त खणखणीत. माझं साफ निघालं म्हणजे तुमचं सगळ्यांचं साफ, आणि सगळ्यांचे नवरे बोटीवर. त्या मोहल्ल्यातल्या घरांची परसदारं एकमेकांना लागून. मी पुढल्या दारानं एका ओटीवरून उतरून पेट्रोमॅक्स सांभाळत दुसऱ्या ओटीवर चढेपर्यंत ही मागल्या दारानं पुढच्या घरात हजर.

चौदा घरं, चौदा बायका, चौदा बोटं. पहिल्या घरात तर्जनी आली. दुसऱ्या घरात मधलं बोट, त्याला तांदळाचं पीठ लागलेलं. तिसऱ्या घरात हळद. चौथ्या घरातून अंगठा बाहेर आला तेव्हा मी म्हटलं, बाई, अंगठा नको. आतून किरटा आवाज आला की आमच्यात थोरली सून अंगठाच देते. मी तेही मानलं. एका बोटात चांदीची अंगठी, एकावर मेंदी, एक ओलं, माशाच्या वासाचं. अकराव्या घरापासून बोटाला आधीच भोक! विचारलं तर उत्तर आलं, बांगड्याचा काटा लागला. पुढच्या घरीही बांगड्याचाच काटा. मी मनात म्हटलं, आज या मोहल्ल्यात बांगडा फार आलेला दिसतो. प्रत्येक पडद्याआड खुसखुस चाललेली, आणि मला वाटलं माझ्या मिशीला हसतात. चोवीस वर्षांच्या माणसाला जगातलं सगळं हसणं आपल्या मिशीबद्दल वाटतं.

आठवड्याने काचपट्ट्या रंगवून डॉक्टर सूक्ष्मदर्शकापाशी बसले. पुरुषांच्या एकोणीस पट्ट्यांत दोन सापडले, ठीक. मग बायकांच्या. पहिलीत जंताची पिल्लं. दुसरीत पिल्लं. तिसरीत. चौदाच्या चौदा! डॉक्टर खुर्चीवरून उठले, हात धुऊन आले आणि पुन्हा बघितलं. शंभरात आठ-दहा निघाले तरी आम्ही तोंडात बोट घालायचो, आणि इथं एकही बाई सुटली नव्हती. डॉक्टर बिचारे दोन रात्री झोपले नाहीत. पडद्यातल्या अंधारात डास वाढतात, म्हणून बायकांनाच जास्त चावतात, असा चार पानी अहवाल त्यांनी पुण्याला धाडला. वरचे साहेब खूश. डॉक्टर तर इतके खूश की त्यांनी मला स्वतःच्या पैशानं भजी खाऊ घातली.

भजी खाऊन गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. पण काचपट्ट्यांची नवी पेटी आणायला चिपळूणला गेलो आणि एस्टी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून चार लोकांना ऐकवलं, की अमक्या मोहल्ल्यात चौदापैकी चौदा बायका, काय समजलात! शेजारच्या टेबलावर कोण बसलंय ते बघितलं नाही. नसीमाचं लग्न चिपळूणला ठरलं होतं, अकबर नावाच्या मुलाशी. चहा संपवून मी उठायच्या आत बातमी त्याच्या आईच्या घरी पोचली असणार. तिसऱ्या दिवशी हफीजाबीला निरोप आला, की मुलाची आई मैमुनाबी शुक्रवारी स्वतः येतेय, बोलायचं आहे. एवढा निरोप पुरे होता. ठरलेलं लग्न मोडायलाच मोठी माणसं स्वतः येतात.

इकडे हफीजाबीला आणखी एक गोष्ट कळली होती, जी मोहल्ल्यात दुसऱ्या कुणाला उमगली नव्हती. आमचा निकाल मोहल्ल्यात पोचला होता आणि चौदा जणींना जंत निघाला म्हणून तेरा जणी रडत होत्या. खरं रडायचं कारण एकटीलाच होतं. तिची आई पाय ओढत ओढत मेली होती, तो पाय तिनं धुतला होता. ती घाबरली, चांगलीच घाबरली. पण चौदांचे नवरे कंपनी एकदम काढणार नाही, खरं सांगावं तर एकट्या कमालची नोकरी जाणार, आणि गप्प राहावं तर नसीमाचं लग्न. ती मूग गिळून बसली. हफीजाबी गप्प बसलेली मोहल्ल्याने पहिल्यांदा बघितली.

गुरुवारी संध्याकाळी आम्ही गोळ्या घेऊन गेलो. डॉक्टरांनी सारंगांच्या ओटीवर सगळ्या बायकांना पडद्यापलीकडे बसवलं आणि कोळशानं सारवणावर चित्र काढून, आत दिसेल अशा बेतानं, समजावायला घेतलं. काळजातून रक्त बाहेर नेते ती रोहिणी, परत आणते ती नीला. लगेच पडद्याआडून हफीजाबीचा प्रश्न, की ह्या तर हिंदूंच्या पोरी झाल्या, आमच्या अंगात कोण असतात? सारंगांनी खाकरून दम दिला. गप्प बसणं तिला चार दिवसांपलीकडे जमलेलं नव्हतं.

डॉक्टर पुढे म्हणाले, की या दोघींच्या मध्ये केसाहून बारीक नळ्यांचं जाळं असतं. तिथं रक्तातलं पाणी मांसात पाझरतं, अंगाला खाऊ घालतं आणि बहुतेक परत फिरतं. थोडं मागे राहतं. ते गोळा करायला तिसऱ्याच नळ्या असतात, त्यातून वाहते ती लसिका. तिला ढकलायला काळीज नाही. तुम्ही चालता, वाकता, कांडता, तेव्हा मांस आवळतं आणि ती वर सरकते, आणि आतल्या झडपा तिला मागे येऊ देत नाहीत. वाटेत गाठी लागतात, जांघेत, काखेत, मानेत. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, ती हीच गाठ, घाण अडवायला फुगलेली. शेवटी गळ्याखाली ही लसिका पुन्हा मोठ्या नीलेत जाऊन पडते. थोरला जंत या तिसऱ्या नळ्यांत बसतो. नळी तुंबली की पाणी पायातच राहतं, पाय सुजतो. पिल्लं तेवढी रक्तात येतात.

पडद्याआडून हफीजाबी हळूच म्हणाली, "म्हणजे मेला रक्ताच्या परसदारी बसलाय." मला वाटतं, आपणही परसदारानंच फिरलो याची त्या क्षणी तिला लाज वाटली असावी. डॉक्टर मात्र हरखले, म्हणाले अगदी बरोबर. हा रोग लग्नानं जडत नाही, डासानं जडतो, हेही त्यांनी दोनदा सांगितलं. आणि जाता जाता बजावलं, की ज्यांच्या रक्तात पिल्लं आहेत त्यांना गोळीनं उद्या ताप येईल. घाबरू नका. पिल्लं मरतात त्याचा तो ताप. पडद्याबाहेर चौदा हात आले, मी चौदांवर गोळ्या ठेवल्या, आणि आतून पाणी प्यायल्याचे चौदा आवाज ऐकल्याशिवाय हललो नाही. या वेळी हात खरोखरच चौदा होते, पण ते बघायची अक्कल मला कुठली!

शुक्रवारी सकाळी डॉक्टर तापमापक घेऊन घरोघर निघाले. पहिल्या घरची बाई तांदूळ कांडत होती. दुसरी विहिरीवर. तिसरी नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत होती, चांगल्या खणखणीत आवाजात. नसीमा तिच्या बापाच्या घरात, आमच्या यादीत ते वेगळं घर, केस विंचरत होती. तेरा घरं झाली, कुणाचं अंग कोमटसुद्धा नाही. डॉक्टरांनी माझ्याकडे असं बघितलं की मला घाम फुटला. गोळ्या तूच खाल्ल्यास काय रे, असं ते म्हणाले नाहीत, एवढंच. चौदावं घर हफीजाबीचं. ती गोधडीत कुडकुडत पडलेली, ताप एकशे तीन.

तेवढ्यात चिपळूणची मंडळी येऊन ठेपली. मैमुनाबी आणि तिचा भाऊ. मैमुनाबी उंच, गोरी, बोलणं तोलून मापून, उभी राहिली की आपल्याला बसावंसं वाटू नये अशी. सारंगांच्या ओटीवर बैठक झाली, आत बायका, बाहेर आम्ही. मैमुनाबीने पडद्याआडून अगदी गोड शब्दांत सांगितलं, की मुलगी लाखात एक, पण जिच्या रक्तात हे आहे तिला आम्ही कशी न्यावी? डॉक्टर मध्ये पडले, डासांचं पुन्हा सांगू लागले, कुणी ऐकेना. नसीमाच्या हुंदक्याचा आवाज बाहेरपर्यंत आला. आणि तो हॉटेलातला शहाणा मी, मान खाली घालून सारवण उकरत बसलो होतो.

मग पडदा सरकला आणि हफीजाबी बाहेर आली. गोधडी गुंडाळलेली, तोंड उघडं, तापानं डोळे लाल. सारंग ताडकन उठले. तिनं त्यांच्याकडे बघितलंही नाही. डॉक्टरांसमोर बसली आणि दोन्ही पंजे पुढे केले.

"चौदा बोटं माझीच," ती म्हणाली. "दहा ही, आणि चार दोनदा दिली. पोरीचं रक्त तुमी बघितलंच नाय. आता कमालला बोटीवरून उतरवायचा तर उतरवा, पण पोरीवर हे नको."

दहाही बोटांवर बारीक काळे ठिपके, चारांवर दोन-दोन. डॉक्टरांनी ठिपके बघितले, मग माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे. त्यांना पुण्याला गेलेली ती चार पानं दिसत असणार. नंतर मला जे ऐकावं लागलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण त्या वेळी ते हफीजाबीला शांतपणे म्हणाले, की अहो, बोटीच्या कंपनीला आम्ही काही कळवत नाही. कधीच नव्हतो कळवत. ती ऐकत राहिली आणि मग रडायला लागली, मोठ्यानं, सगळ्यांसमोर. ज्या भीतीपायी एवढं नाटक केलं ती भीतीच खोटी निघाली. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

मैमुनाबीचा भाऊ व्यवहारी माणूस. म्हणाला, मग आत्ता पोरीचं रक्त बघा, काय ते होऊन जाऊ दे. डॉक्टरांनी सांगितलं की आत्ता दुपार आहे, रात्र होईपर्यंत सुई लावून उपयोग नाही. म्हणजे पाहुण्यांना मुक्काम घडला. हफीजाबी एवढ्या तापात उठून म्हणाली, की आता थांबताच आहात तर विहीणबाई, रात्री तुमचंही एक बोट होऊन जाऊ दे. पोरगी कुठल्या घरात जातेय ते आमी पण बघायला नको? मैमुनाबीला नाही म्हणता येईना. ती हसली आणि म्हणाली, खुशाल बघा.

रात्री साडेदहाला डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक सारंगांच्या माजघरातच मांडला. आता पडदा कसला राहिलाय, असं खुद्द सारंग म्हणाले. ताज्या रक्ताचा थेंब काचेवर घेऊन तसाच बघायचा, म्हणजे पिल्लं असली तर जिवंत वळवळताना दिसतात. आधी डॉक्टरांनी हफीजाबीला तिची जुनी रंगवलेली पट्टी दाखवली. वाकडा जांभळा दोरा. तिनं बघून घेतलं. मग नसीमाचं बोट टोचलं, या वेळी तोंड बघून टोचलं मी. डॉक्टरांनी काच इकडून तिकडे सरकवत चांगली दहा मिनिटं बघितलं. काही नाही. गोळीनंही तिला ताप आला नव्हता, म्हणजे नसीमाचं रक्त साफ.

मग मैमुनाबी. थेंब काचेवर गेला, डॉक्टर वाकले, आणि वाकलेलेच राहिले. मी त्यांच्याबरोबर सहा महिने काढले होते, त्यांची पाठ मला कळत होती. बराच वेळ झाला तसा मैमुनाबीचा चेहरा उतरू लागला. डॉक्टर सरळ झाले, घसा खाकरला, आणि ते तोंड उघडणार एवढ्यात हफीजाबीने त्यांना बाजूला सारलं आणि स्वतःचा डोळा नळीला लावला. मला बाजूनं तिचा गाल दिसत होता. तो जराही हलला नाही. काचेखाली काय चाललं होतं ते मी नंतर बघितलं. एक पिल्लू रक्ताच्या कणांना ढुश्या देत सापासारखं वळवळत होतं, पलीकडे दुसरं.

हफीजाबीने डोळा काढला आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय नाय. साफ हाय."

डॉक्टर सत्याला फार जपणारे. त्यांचं तोंड उघडंच होतं. हफीजाबीने त्यांच्याकडे एकदा बघितलं, आणि त्यांनी ते मिटलं. सारंगांनी अल्लाचे आभार मानले, मैमुनाबीच्या भावानं तारीख काढली, बायका चहाच्या मागे लागल्या. कुणाला काहीच कळलं नाही. मैमुनाबीला मात्र कळलं. तिनं डॉक्टरांची पाठ बघितली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी गोळ्यांची एक जादा पुडी माझ्या हातात दिली आणि पुटपुटले, की हफीजाबीकडे दे, तिला कळेल. मी गेलो तेव्हा त्या दोघी मागल्या पडवीत बसल्या होत्या, एकाच गोधडीवर. हफीजाबीचा ताप उतरत आला होता. मी पुडी ठेवली. मैमुनाबीने ती बघितली, माझ्याकडे बघितलं आणि ओळखलं की मलाही ठाऊक आहे. काल ओटीवर तोलून मापून बोलणारी बाई. तिनं हफीजाबीचा हात धरला आणि दबल्या आवाजात विचारलं,

"आता तुमी लग्न मोडणार?"

हफीजाबीने पुडी सोडली, एक गोळी काढून तिच्या तळहातावर ठेवली आणि पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

"लग्न तुमच्या पोराचं हाय, तुमचं नाय," ती म्हणाली. "गिळा. आज रात्री ताप येईल, मी हाय उशाला."

मैमुनाबीने गोळी गिळली.